पाणी घालू नका

विद्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या लोणच्याच्या युनिटच्या दारात एका ट्रकवाल्याशी भांडत होते. खारवलेल्या कैऱ्यांचे निळे ड्रम उन्हात उभे होते आणि त्याला ते उतरवण्याआधी जेवायला जायचं होतं. स्क्रीनवर तिच्या मुलाचं, अद्वैतचं नाव दिसलं. "मावशी, आई..." एवढं मराठीत म्हणून तो थांबला आणि पुढचं इंग्रजीत म्हणाला, "शी इज गॉन." मी म्हटलं, "येते." ट्रकवाल्याला म्हटलं, "खलास भाई, जाओ, खाना खाओ." पण माझ्या तोंडाकडे बघून तो गेला नाही. त्यानं सगळे ड्रम उतरवून दिले. मी सही केली, कोल्ड रूमला कुलूप लावलं आणि मग निघाले. कुणाला हे कोरडं वाटेल. विद्याला वाटलं नसतं. माल उन्हात टाकून मी धावत आले असते तर तिनंच मला शिव्या घातल्या असत्या.

पुढच्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळानं शोकसभा घेतली. बर दुबईतल्या एका हॉटेलचा हॉल, पांढरी फुलं, पडद्यावर फोटो. विद्याचे उकडीचे मोदक, विद्यानं गणपतीत केलेली केळीच्या खांबांची आरास, विद्याचा मोठा आवाज... सगळ्यांनी सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "विद्याताईंना परदेश प्रवासाची फार आवड होती." पडद्यावर तेव्हा एक फोटो होता. विद्या डोक्याला रुमाल बांधून उभी, हातात हातभर लांबीचं वाळूक, आणि खांद्यावर कुणाचा तरी हात. फक्त हात. हाताची मालकीण कापून टाकली होती. तो फोटो मी काढलेला आहे, म्हणून मला माहीत आहे की ती आमची पॅलेस्टिनी मैत्रीण हनान होती आणि ती जोरात हसत होती. मला बोलायला दोन मिनिटं दिली होती. त्याआधी अध्यक्ष शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "ताई, तेवढा तो तिकडचा विषय नको. सगळी नोकरदार मंडळी आहेत, व्हिसावर राहतात. उगाच कशाला?" कुणीही त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं. घाबरायला सांगावं लागत नाही आम्हाला. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठले नाही. दोन मिनिटांत मोदकांबद्दल बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. जे होतं ते इथे लिहिते आहे.

विद्या मूळची मोहोळची. बाप जिरायत शेतकरी, म्हणजे विहीर नाही, पाट नाही, आभाळातून येईल ते पाणी. शेतकी कॉलेजातून बागायतशास्त्र शिकून ती लग्नानंतर इकडे आली. नवरा लवकर गेला. ती परत गेली नाही. शारजातल्या एका लँडस्केपिंग कंपनीत सुपरवायझर झाली आणि अजमानच्या एका जुन्या बैठ्या घरात, मागे चार पावलांचं अंगण असलेल्या, वीस-बावीस वर्षं राहिली. माझी तिची ओळख झाली ती भांडणातून. मंडळाच्या स्नेहसंमेलनात माझ्या लोणच्याच्या स्टॉलवर येऊन ती म्हणाली होती, "यात मोहरी जुनी आहे." होती. तेव्हापासून ती मला 'लोणचेवाले' अशीच हाक मारायची. "अगं लोणचेवाले, शुक्रवारी काय करतेयस?" तिच्या कामाबद्दल तिला अजिबात प्रेम नव्हतं. हॉटेलांच्या, बंगल्यांच्या हिरवळी, चौकातल्या फुलांच्या रांगा. दिवसातून दोनदा पाणी. "ह्याला बाग म्हणतात होय?" ती म्हणायची. "हा आयसीयू आहे. नळी काढली की पेशंट खलास."

त्याच कंपनीत पाइपलाइनची कामं बघणारा फरीद नावाचा एक वयस्कर पॅलेस्टिनी इंजिनियर होता. त्याच्या डोंगरातल्या गावात त्याची मोठी बहीण हनान राहायची, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. गावाच्या कडेच्या टेकडीवर पूर्वी उकिरडा होता. हनाननं आणि गावातल्या बायकांनी तो साफ करून तिथे सगळ्या गावाचं मिळून एक उद्यान केलं होतं. सरकार नाही, कंपनी नाही, माळी नाही. प्रत्येक घरानं पाळीपाळीनं एक दिवस राबायचं. बाहेरून कुणी हात लावायला आलं तर त्यालाही घ्यायचं. फरीद रिटायर होऊन जाताना विद्याला म्हणाला, "मॅडम, इतकी वर्षं दुसऱ्यांचं गवत हिरवं ठेवलंत. एकदा आमच्याकडे येऊन खरी माती बघा." इथे असं पुष्कळ जण पुष्कळांना म्हणतात. इन्शाल्ला म्हणायचं आणि सोडून द्यायचं असतं. विद्या गेली. मोहोळला जायची वार्षिक रजा तिकडे घालवली. सासर, माहेर, मुलगा, सगळे तोंडात बोट घालून बसले. अद्वैत म्हणाला, "आई, पीपल गो टू स्वित्झर्लंड." ती म्हणाली, "जाऊ देत की. मी अडवलंय का?"

परत आली ती हसतच. मला सगळं सांगताना स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेत होती. पहिल्याच दिवशी संध्याकाळी तिला एक वाफा दिसला. माती वरून पांढरी, फुफाट्यासारखी, आणि वेलांची पानं माना टाकलेली. हिनं कुणाला न विचारता टाकीवरून झारी भरून आणली आणि पाणी घालायला लागली. हनान वरून ओरडत आली आणि तिच्या हातातून झारीच काढून घेतली. तो वाफा बिनपाण्याचा होता. हिवाळ्यातल्या पावसाची जी ओल जमिनीत खोल मुरते तेवढ्यावर उन्हाळ्यात पीक काढायचं, ह्याला तिथे बअल म्हणतात. वरची माती सारखी हलवून भुसभुशीत ठेवायची, म्हणजे आतली ओल उडत नाही. मुळं ओलीच्या मागे खाली खाली जातात. वरून पाणी दिलं की ती आळशी होऊन वर येतात, आणि मग रोज मागत राहतात. "अगं, एक कोळपणी अर्धं पाणी, हे माझा बाप रोज म्हणायचा," विद्या म्हणाली. "मोहोळची पोर मी, आणि जिरायत वाफ्याला झारीनं पाणी घातलं! दुबईनं हात बिघडवले माझे." आणि त्या वाफ्यात होतं काय, तर फक्कूस. पोपटी, कोवळी लव असलेलं, वाकडंतिकडं. तिनं तोडून चावा घेतला आणि तिला ओळखू आलं. हे आपलं वाळूक! बाजरीत, तुरीत बांधाकडेला आपोआप यायचं ते. चुलत भावंड असेल, पण घरचंच. हनानला ती म्हणाली, "हे आमचं आहे." हनान म्हणाली, "सगळेच असं म्हणतात. आधी दगड उचल."

दगडाचं असं होतं की त्या उद्यानाला तिकीट नव्हतं. टेकडीच्या पायथ्याशी जुन्या बांधांचे ढासळलेले दगड पडलेले असायचे. वर येणाऱ्यानं येताना एक उचलून आणायचा, पाहुणा असो की गावचा. त्या दगडांतून बायका टेकडीचे टप्पे पुन्हा बांधत होत्या, चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. दुसऱ्या खेपेला विद्यानं मलाही ओढून नेलं तेव्हा मी एक बेताचा दगड उचलला. विद्यानं माझ्याकडे आणि माझ्या दगडाकडे पाहिलं. "लोणच्यात टाकणारेस का?" म्हणाली. मी दुसरा उचलला.

त्या प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. जॉर्डनकडून पूल ओलांडून जावं लागतं आणि त्या पुलावर माणसाला आपण माणूस असल्याबद्दल शंका येईल इतका वेळ बसवून ठेवतात. बायकोच्या औषधाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला एक म्हातारा सकाळपासून होता, आम्ही निघालो तेव्हाही होता. खिडकीतल्या मुलीनं आम्हाला कशासाठी आलात विचारलं. "टूरिझम," मी म्हणाले. विद्या मराठीत पुटपुटली, "वाळूक." गावात पोचलो तर हनाननं दारातच आमच्या हातात हातमोजे दिले. चहा नंतर.

काम म्हणजे काम होतं. सकाळी दगड, दुपारी सावलीत बी निवडणं, संध्याकाळी कचरा. उद्यानात बघण्यासारखं काय होतं असं मला मंडळात विचारलं तेव्हा मला सांगता येईना. छपरांचं पाणी साठवायची एक टाकी, टायरचे झोके, ओव्याच्या वासाच्या झाटरच्या जुड्या, ऑलिव्हची झाडं, आणि टेकडीच्या वरच्या टप्प्यावर एक जुनी दगडी खोली. तिच्या आत काचेच्या बरण्यांमध्ये गावाचं बियाणं. विद्याचं अरबी हे साइटवर मजुरांकडून काम करून घेण्यापुरतं अरबी. "यल्ला, सीदा, खलास, इन्ता रोह." चल, सरळ, बस, तू जा. तिथल्या बायका ते ऐकून हसून हसून लोळायच्या. एकीनं हनानला सांगितलं, आणि हनाननं आम्हाला इंग्रजीत, की ही बाई मुकादमासारखी बोलते, पण दगड गाढवासारखे उचलते, तेव्हा माफ. विद्याला तो आयुष्यातला सगळ्यात मोठा सन्मान वाटला. मंडळाची शाल तिनं पायपुसण्याजवळच्या खणात ठेवलेली होती.

समोरच्या टेकडीवर बाहेरून येऊन वसलेल्यांची नवी घरं होती, लाल कौलांची, कुंपणाच्या आत. तिथे हिरवळ होती. एका संध्याकाळी आम्ही बांधावर बसलो होतो आणि समोर हिरवळीवर पाण्याचे फवारे सुरू झाले. गावात त्या आठवड्यात नळाला पाणी आलं नव्हतं. गावच्या बायकांना ते रोजचंच. विद्यानं डोळे बारीक करून फवारा निरखला. मग म्हणाली, "पॉप-अप स्प्रिंकलर. मी लावते तेच मॉडेल." त्या रात्री ती जेवली नाही. मी विचारलं नाही. मला कळलं होतं, आणि कळलेल्या गोष्टी विचारायची मला सवय नाही.

निघताना हनाननं तिला फक्कूसच्या बियांची एक पुडी दिली. "बी एका घरात ठेवू नये," ती म्हणाली. "आग लागते, उंदीर लागतात, आणि आम्हाला तर आणखीही पुष्कळ काही लागतं. तुझ्याकडे ठेव. पण पाण्यावर वाढवू नकोस. पाण्याची सवय लागलेलं बी मला परत नको." विद्यानं मान डोलावली. मी मनात म्हटलं, अजमानमध्ये बिनपाण्याची शेती! इथे पाऊस पडला तर शाळांना सुट्टी देतात.

पण तिनं ते मनावर घेतलं. माझ्याकडे ड्रम मागायला आली. "कैरीचा नको, त्यात मीठ राहतं. व्हिनेगरचा दे." तो उंच निळा ड्रम तिनं अंगणात उभा केला, गाळाची माती भरली, आणि बुडाला भोक पाडलं नाही. माझ्यासारख्या बाईलाही कळतं की कुंडीला भोक लागतं. ती म्हणाली, "भोक पाडलं तर ओल जाईल कुठे? खाली. मला ती आत हवी." जानेवारीच्या थंडीत ती तो ड्रम एकदाच, मोजून, भिजवायची. तोच तिचा पावसाळा. मग बी पेरायचं, आणि पुढे फक्त वरची माती हलवत राहायचं, जेवायच्या काट्यानं. पाणी बंद. पहिल्या वर्षी वेल हातभर होऊन वाळला. दुसऱ्या वर्षी फुलं आली आणि गळली. घरात टँकरभर पाणी असताना ही बाई दाराशी बसून एका वेलाला तहानलेलं ठेवते, ह्यावर मंडळात विनोद व्हायचे. "विद्याताई, वेलाचा उपास कधी सुटणार?" ती म्हणायची, "तुमचा सुटेल तेव्हा."

मग तिकडचं सगळं बिघडलं. बातम्या तुम्ही वाचल्या आहेत, मी नव्यानं सांगत नाही. गावाच्या तोंडाशी लष्कराचं लोखंडी फाटक बसलं. टेकडीचा वरचा टप्पा, म्हणजे बियांची खोली होती तो, आता जायचं नाही अशा भागात गेला. हनानच्या घरून ती खोली दिसते. चालत गेलं तर चहा गार व्हायच्या आत पोचता येईल, पण जाता येत नाही. पेरणीच्या वेळी खालच्या वाफ्यांत फक्कूस लावायला त्यांच्याकडे बीच नव्हतं. हनानचा व्हॉइस मेसेज आला, एकच वाक्य, शाळेत हजेरी घेतल्यासारखं. "विद्या, आमचं बी तुझ्याकडे आहे ना?"

विद्यानं 'आहे' असं कळवलं. खरं म्हणजे पुडीच्या तळाशी राहिलेलं थोडं जुनं बी होतं, आणि जुनं बी लवकर दगा देतं. ह्या वर्षी तिनं ते सगळं पेरलं. सगळं. उगवलं त्यातलं एकच रोप. तिच्या पोटात दुखायला लागलं होतं ते त्याच दिवसांत, पण तिनं डॉक्टरकडे जाणं लांबवलं, कारण रोपाला चौथं पान फुटायचं होतं. गेली तेव्हा स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, फार पुढे गेलेला. ती मला म्हणाली, "बरं झालं उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर किमोमध्ये सीझन गेला असता." मी तिला मूर्ख म्हटलं. ती म्हणाली, "वेल बघ." वेल मजबूत होता. खोल गेला होता. मोठी पानं दुपारी माना टाकायची आणि संध्याकाळी आपणहून उभी राहायची. मार्च सरता सरता त्याला तीन वाळकं धरली. ती खायची नव्हती. वेलावरच पिवळी होऊन पिकू द्यायची, बियांसाठी. ड्रमवर तिनं खोक्याच्या पुठ्ठ्याची पाटी बांधली आणि मार्करनं लिहिलं: पाणी घालू नका. खाली तेच इंग्रजीत. मग ती हॉस्पिटलात गेली.

इथे आमच्याकडे शेजारधर्म म्हणजे किल्ली आणि पाणी. उन्हाळ्यात कुणी इंडियाला निघालं की घराची किल्ली दुसऱ्याकडे जाते आणि तुळशीला पाणी घालायची जबाबदारी सोबत जाते. महिनाभर उन्हात दुसऱ्याची तुळस जगवून दाखवली म्हणजे माणूस आपलं, अशी इथली परीक्षा. विद्या हॉस्पिटलात गेली त्या दिवशीच मंडळातल्या बायकांनी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला आणि डबे, झाडू, झाडं अशा पाळ्या लावल्या. मी तेव्हाच ग्रुपवर लिहिलं, 'ड्रमला पाणी घालायचं नाही. विद्याची सूचना.' सगळ्यांनी अंगठे दाखवले. त्याच आठवड्यात मला मालाच्या कामासाठी रत्नागिरीला जावं लागलं. परत आल्यावर विमानतळावरून थेट तिच्या अंगणात गेले. ड्रमच्या काठोकाठ पाणी तुंबलेलं होतं. वेल पिवळा पडून ड्रमच्या अंगाला चिकटला होता आणि तिन्ही वाळकं खाली कुजून बसली होती. वास येत होता. पाटी जागेवर होती.

सुषमावहिनी त्यावेळी तिथेच होत्या, हातात बादली. आमच्या मंडळात त्यांच्याइतकी प्रेमळ बाई नाही, हेही मी लिहायला हवं.

"अगं, आलीस? बघ ना काय झालं," त्या म्हणाल्या. "इतकं पाणी घालतोय तरी सुकतंय."

"वहिनी, पाटी वाचलीत ना?"

"वाचली गं. पण दुपारी पानं अशी मेल्यासारखी लोळत होती... बघवेना. आजारी माणूस काय, काहीही लिहितं. म्हटलं, बरी होऊन आली आणि झाड मेलेलं दिसलं तर तिला काय वाटेल? म्हणून थोडंसं घातलं."

"थोडंसं म्हणजे?"

"बादलीभर. सकाळची माझी. संध्याकाळी पाळीप्रमाणे जी असेल ती."

मी वाकून कुजलेली वाळकं गोळा करायला लागले. बोलून काय करणार होते? त्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. तिथेही पाणीच.

कुजलेली वाळकं मी डब्यात घालून हॉस्पिटलात नेली. पुष्कळांनी मला नंतर विचारलं की मरणाऱ्या माणसाला खरं कशाला सांगितलंस. कारण तिनं विचारलं. मी खोलीत पाऊल टाकल्याबरोबर तिचा पहिला प्रश्न होता, "ड्रमला कुणी हात लावला नाही ना?" मी डबा उघडला. वासानं नर्स आत आली आणि माझ्याकडे बघून बाहेर गेली. मी म्हटलं, "सुषमावहिनींना वाईट वाटलं पानांचं." मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "मीही तेच केलं होतं. पहिल्या दिवशी. पण माझ्या हातातून झारी काढून घ्यायला तिथे हनान होती." मग खिडकीकडे तोंड केलं. परत वळून म्हणाली, "आण इकडे. एवढं तोंड पाडून काय उभी राहिलीयस लोणचेवाले, कुजकं कधी बघितलं नाहीस का?"

प्लास्टिकच्या सुरीनं तिनं तिन्ही फळं चिरली. मला हात लावू दिला नाही. आतल्या लगद्यातून बिया काढून आम्ही त्या हॉस्पिटलच्या बेसिनमध्ये स्टीलच्या वाटीत धुतल्या. पोकळ बी तरंगतं, भरलेलं बुडतं. वाटीवर तरंगणाऱ्यांची साय धरली. तळाशी जे बसलं ते चमचाभर असेल नसेल. पेपर टॉवेलवर ते पसरून ती म्हणाली, "उगवेल कदाचित. पण शेवटी पाण्यावर पिकलंय. हनानला हे सांग. लपवू नकोस. ती नको म्हणाली तर टाकून दे." मी म्हटलं, "तूच सांग." ती म्हणाली, "मी सांगितलं असतं, पण नको. माझा आवाज ऐकून ती बी घेईल. तू सांग. तुझ्या आवाजानं कुणाला दया येत नाही."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. शेवटी शेवटी तिला सलाइनवर ठेवलं होतं. थेंब थेंब पडणाऱ्या नळीकडे बघून एकदा तिनं डोळा मारला. काय म्हणायचंय ते मला कळलं. मी हसले नाही, आता वाटतं हसायला हरकत नव्हती.

महिन्याभरानं अद्वैतला घर रिकामं करून द्यायचं होतं. वाईट मुलगा नाही तो. आईच्या भांड्यांपुढे उभा राहून रडला. पण अंगणात आला तेव्हा म्हणाला, "मावशी, इट्स जस्ट अ ड्रम. म्युनिसिपालिटीवाले नेतील." मी म्हटलं, "तो माझाच ड्रम आहे." आणि पिकअप बोलावला. त्याच सुमारास मंडळाच्या ग्रुपवर घोषणा आली: विद्याताईंच्या स्मरणार्थ एका पार्कात रोप लावायचं ठरलं आहे, वर्गणी नाही, सर्वांनी यावं. खाली अध्यक्षांनी अभिमानानं लिहिलं होतं, 'ऑटोमॅटिक ठिबकची सोय आहे. दिवसातून दोनदा.' त्यावर हात जोडलेल्यांची रांग लागली. सुषमावहिनींचा मला वेगळा फोन आला. "अगं, तिच्यासाठी आणखी काही करता येईल का गं? मनाला लागून राहिलंय." मी म्हटलं, "हो वहिनी. काही करू नका." त्यांना ते लागलं असणार. लागू दे.

हनानला मी सांगितलं. विद्या गेल्याचं तिला कळलं होतं, फरीदनं सांगितलं होतं. मी फक्त बियांचं सांगितलं, सगळं, ड्रम, पाटी, बादल्या, तरंगलेलं किती आणि बुडालेलं किती. हेही सांगितलं की हे बी पाण्यावर पिकलेलं आहे आणि तिला नको असेल तर विद्यानं टाकून द्यायला सांगितलंय. एक दिवस उत्तर आलं नाही. मग मेसेज आला. पाठीमागे कुठला तरी मोठा ट्रक वाजत होता. हनान नेहमीसारखी सावकाश, शाळेतल्या इंग्रजीत बोलत होती. "पाणी प्यायलेलं बी..." ती म्हणाली आणि थांबली. "ठेव. टाकू नकोस. आम्ही तरी आता कुठे ओलीवर जगतोय? टँकरचंच पाणी पितोय. ऐक, तो बघ आलाय."

बी पाठवता येत नाही, नेता येत नाही. माझ्या कोल्ड रूममध्ये, लोणच्याच्या एका लहान बरणीत ते ठेवलेलं आहे, आणि बरणीवर मी 'पाण्यावरचं' असं लिहिलं आहे, कारण ते खरं आहे. ड्रममधली सडकी माती मी युनिटच्या मागच्या फरशीवर पसरून खडखडीत वाळवली, ढेकळं फोडली आणि पुन्हा भरली. बुडाला भोक पाडलेलं नाही. जानेवारी यायला अवकाश आहे. तोवर तो नुसता उभा आहे, भर उन्हात, आत एक हिरवं पान नाही, आणि पाटी बांधलेली. माझ्याकडचे कोकणातले कामगार येता-जाता त्याच्याकडे बघतात. परवा एकानं विचारलंच, "मॅडम, ह्यात काय लावलंय?" मी म्हटलं, "काही नाही." "मग पाटी कशाला?" त्याच्या हातात अर्धी पाण्याची बाटली होती. दिवसभर उन्हात काम करून आलेला माणूस, उरलेलं पाणी कुठल्या तरी मातीत ओतायची त्याची सवय, सगळ्यांचीच असते. त्यानं झाकण उघडलेलंच होतं.

मी त्याच्या हातातून बाटली काढून घेतली.